पुन्हा आलेली माणसं

मेडिकल दुकानदाराला माणूस चालताना दिसतो. डॉक्टरांसमोर तो स्टुलावर बसलेला असतो, दंडाला पट्टा गुंडाळलेला. आमच्याकडे तो रस्त्यावरून येतो, तीन पायऱ्या चढतो, खिशातून मळकी चिठ्ठी काढतो, पैसे मोजतो, सुट्ट्यावरून हुज्जत घालतो आणि पायऱ्या उतरून जातो. दर महिन्याला हेच. पंचवीसेक वर्षं गल्ल्यावर बसलं की मुद्दाम न बघताही बरंच काही डोळ्यांत साठतं.

बेळगावकडच्या आमच्या खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना दुकानाचं जोतं उंच का, हे सांगायला नको. म्हणून त्या पायऱ्या. नंदगडकडचे एक मामा, तरुणपणी लोंढ्याच्या बाजूला लाकडाच्या गाड्या भरलेले, आडदांड गडी. ते हल्ली पहिल्या पायरीपाशी येऊन उभेच राहतात. गुडघे दुखत नाहीत, अंगात ताकद आहे. "पाय उचलंना झालाय ओ," म्हणतात, "भुईला चिकटल्यागत हुतंय." एकदा उचलला की बारीक बारीक पावलं टाकत वर येतात. दुसरे एक निवृत्त मास्तर. माझा कॅल्क्युलेटर उघडायच्या आत बिलाची बेरीज तोंडी सांगायचे. आता पाकीट माझ्यापुढे धरतात, "तूच घे बघ त्यातलं." त्यांना आकडे विसरलेत असं नाही, पावकी, निमकी अजून घडाघडा म्हणतात. पण सहाशे चाळीसमधून किती परत, एवढ्यापाशी अडतात. आणि एक मावशी, दोन रुपये कमी केल्याशिवाय जागची न हलणारी, माझ्या वडिलांशीही भांडलेली. ती आता मी सांगेन तेवढे पैसे ठेवते आणि निघून जाते. घरच्यांना वाटतं, वयानं शांत झाली, बरंच झालं. मला त्या शांतपणाची धास्ती वाटते.

या तिघांना एकच आजार आहे, असं मी म्हणत नाही. तो निकाल द्यायचा परवाना माझ्याकडे नाही, माझ्याकडे गोळ्या विकायचा आहे. खरं, लोक एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आधी माझ्या दुकानात येतात. डॉक्टरांची वेळ संध्याकाळची, मी सकाळपासून उघडा. "यात काय लिहिलंय तेवढं सांगा की." आणि साठीच्या पुढच्या माणसाचा रिपोर्ट असला की शेवटी शेवटी एक ओळ सापडतेच: क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस. पुढे फझेकास ग्रेड अमुक, म्हणजे या त्रासाचे पांढरे डाग फोटोत किती दिसतात त्याची मोजणी. मी सांगतो, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा जुना त्रास दिसतोय. सून विचारते, "म्हणजे वयाचंच न्हवं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फिल्म पुन्हा त्या मोठ्या पिशवीत जाते. घरी कपाटावर, गादीखाली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात.

ही ओळ इतक्यांच्या रिपोर्टात का येते, म्हणून मी वाचायला लागलो. दुपारी दोन ते चार दुकानात कुत्रंही येत नाही, तो वेळ कारणी लागला.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो खातो. त्याच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या धमन्यांना आडवाटा आहेत, एकीत अडथळा आला तर दुसरीकडून थोडंफार भागतं. पण खोल आतल्या भागाला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतून काटकोनात फुटतात आणि सरळ आत शिरतात. त्यांच्या टोकाला दुसरा आधार नाही. पाटाच्या शेवटच्या वाफ्यासारखी त्या भागाची गत: वर कुठं गाळ साचला, बांध फुटला, की पहिलं सुकणार ते हेच. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की या धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते, काही ठिकाणी भिंत पाझरायला लागते. एखादी बंद पडली तर मसुरीएवढा, फार तर वाटाण्याएवढा भाग मरतो आणि तिथं पोकळी उरते. पक्षाघाताच्या रक्त अडून होणाऱ्या झटक्यांपैकी साधारण चौथा हिस्सा या बारीक धमन्यांमुळे होतो. ज्याला आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात, त्यातला हा धाकटा प्रकार. पण खरी मेख अशी की बहुतेक पोकळ्या कुणाला कळतच नाहीत. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उठतो आणि मेंदूतला एक कण कमी झालेला असतो.

या पोकळ्या डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होत्या. फ्रान्समध्ये १८४० च्या आसपास त्यांची वर्णनं लिहिली गेली. पण दिसायच्या त्या मेल्यानंतर. बॉस्टनमध्ये मिलर फिशर या डॉक्टरांनी एक हजारावर मेंदू तपासून १९६५ मध्ये जो लेख लिहिला, त्यावर हा सगळा विषय उभा राहिला. ज्यांच्या मेंदूत पोकळ्या सापडल्या, त्यांच्यात चढ्या रक्तदाबाची माणसं भरलेली होती. काम अफाट, पण त्या माणसांना विचारता येत नव्हतं की बाबा, पाय कधीपासून जड झाला. आधी पोकळी की आधी चाल मंदावली, की दोन्हीचा काही संबंध नाही, हे मेलेला मेंदू कसं सांगणार? त्यासाठी जिवंत माणूस हवा, आणि तोच माणूस पुन्हा हवा, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी.

नेदरलँड्समधलं नायमेखन गाव जर्मनीच्या हद्दीजवळ आहे. सीमेजवळचं गाव म्हणून मला त्याची उगाच आपुलकी. तिथल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ५०३ माणसं निवडली. वयं ५० ते ८५. सगळ्यांच्या मेंदूत बारीक रक्तवाहिन्यांचा आजार कमीजास्त दिसत होता, पण स्मृतिभ्रंश कुणालाच नव्हता. प्रत्येकाचा एमआरआय, चालण्याची चाचणी, विचारांच्या वेगाची चाचणी, मनःस्थितीची विचारपूस. मग २०११ मध्ये पुन्हा बोलावलं. २०१५ मध्ये पुन्हा. २०२० मध्ये, म्हणजे जगभर दारं बंद होती त्या वर्षापासून, चौथ्यांदा. चौदा वर्षं. पहिल्या खेपेला ७० वर्षांचा असलेला माणूस तोवर ८४ चा झाला असणार, जगला असला तर.

आमच्या सीमाभागाला चौदा वर्षांचं अप्रूप नाही. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये दाखल झाला, तो अजून आहेच. पण वाट बघणं वेगळं आणि दर खेपेला जाऊन मोजून घेणं वेगळं. त्या ५०३ माणसांना तपासणीचा काडीचा फायदा नव्हता. गोळी मिळणार नव्हती, बिल माफ होणार नव्हतं. त्या यंत्राच्या नळकांड्यात ठणठणाट ऐकत निपचित पडायचं, पुढ्यात ठेवलेले कागद भरायचे, आपण मागच्या वेळेपेक्षा मंद झालोय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि घरी जायचं. आणि तरी ते परत आले. सगळे नाही. काही वारले, काही इतके थकले की येववेना. नऊ वर्षांच्या टप्प्यावर तिन्ही वेळचे फोटो असलेली २७६ माणसं उरली होती.

या २७६ जणांच्या फोटोंनी जे सांगितलं, ते एका फोटोतून जन्मात कळलं नसतं. मेंदूतले पांढरे डाग (फझेकासच्या ग्रेडनं जे मोजतात ते) दरवर्षी ठरावीक गतीनं वाढतात, हा समज खोटा ठरला. जितके जास्त, तितका पुढचा वेग जास्त. ज्यांचे सुरुवातीला थोडे होते, त्यांच्यातले फार थोडे लोक गंभीर पायरीला पोचले. आणि सगळ्यात नवल म्हणजे काहींचे डाग मधल्या काळात कमी झालेले दिसले. बारीक रक्तस्रावांच्या काही खुणा नाहीशा झाल्या. म्हणजे हा आजार उतरणीवर सोडलेला दगड नाही. तो थांबतो, मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. हे मी माझ्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगत नाही, कारण तुमचे डाग कमी होतील असं कुणी कुणाला वचन दिलेलं नाही. पण "वयाचंच" म्हणून फिल्म गुंडाळणाऱ्या सुनेला मी आता एवढं नक्की सांगतो, की सोबत बसलेल्या दोन सत्तरीच्या माणसांची वाट एकसारखी नसते आणि त्यात रक्तदाबाचा मोठा हात असतो.

त्याच गावातल्या ५४ जणांनी तर कमाल केली. दर महिन्याला एक एमआरआय, सलग दहा महिने. आमच्याकडे वर्षातून एकदा साखर तपासून घ्या म्हटलं तरी "बघू की लावणी झाल्यावर" म्हणतात. त्या महिन्या-महिन्याच्या फोटोंत काहीजणांच्या मेंदूत ताजे, टिचभर इन्फार्क्ट, म्हणजे रक्त अडून मेलेले ठिपके, सापडले. ते ज्यांना झाले त्यांना पत्ताच नव्हता. दोन फोटोंत पाच वर्षांचं अंतर असतं तर यातले कित्येक निसटले असते, कारण ताजेपणाची ती खूण काही आठवड्यांत पुसली जाते.

युरोपात दुसरा एक अभ्यास २००१ मध्ये सुरू झाला होता, फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं, अकरा केंद्रांत मिळून. ६३९ माणसं, वयं ६५ ते ८४, सगळी स्वतःचं स्वतः करणारी. तीन वर्षं माग ठेवला. ज्यांचे पांढरे डाग सौम्य होते, त्यांच्यात वर्षाला १०.५ टक्के माणसं परावलंबी झाली किंवा वारली. ज्यांचे गंभीर, त्यांच्यात २९.५ टक्के. हा आकडा वाचला त्या दुपारी मला नंदगडचे मामा आठवले. त्यांच्या घरात पायखाना मागच्या परसात आहे, चार पायऱ्या उतरून. लघवीची घाई हेही याच आजाराचं एक लक्षण. घाई आणि न उचलणारा पाय, दोन्ही एकदम. अंधारात, पावसात. 'परावलंबी' हा शब्द त्या तक्त्यात स्वच्छ दिसतो, घरात तो असा उतरतो.

आणि ती भांडखोर मावशी. लंडनमधला असाच एक अभ्यास आणि नायमेखनचा, अशा दोघांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये जे छापून आलं, ते मी दोनदा वाचलं. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात जी माणसं निरुत्साही होतात, ज्यांना कशाचं सोयरसुतक उरत नाही, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त. नुसत्या उदासपणाशी तसा संबंध दिसला नाही. रडणारा माणूस घरच्यांच्या लक्षात येतो, त्याला डॉक्टरकडे नेतात. न भांडणाऱ्याला कोण नेणार? त्याचं तर कौतुक होतं.

आता गोळ्यांचं. माझ्या धंद्याचा भाग असल्यामुळे इथं मी जरा रेंगाळणार.

लोकांचा सगळ्यात मोठा विश्वास दोन गोळ्यांवर. एक, रक्त पातळ करायची. दोन, मेंदूच्या ताकदीची. दुसरीबद्दल बोलून माझा गल्ला मीच हलका करत नाही, एवढंच म्हणतो की तिच्या किमतीच्या मानानं तिच्यामागचा पुरावा फार लंगडा आहे. पहिलीबद्दल मात्र पक्की माहिती आहे. अमेरिका खंडात आणि स्पेनमध्ये मिळून ३०२० माणसांवर एक मोठी चाचणी झाली. सगळ्यांना बारीक धमनीमुळे झटका येऊन गेलेला. निम्म्यांना ॲस्पिरिन आणि सोबत औषध नसलेली फसवी गोळी, निम्म्यांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या. सरासरी तीन-साडेतीन वर्षं पाठपुरावा. २०१२ मध्ये निकाल आला: दोन गोळ्यांनी पुढचे झटके विशेष कमी झाले नाहीत, पण मोठे रक्तस्राव जवळपास दुप्पट झाले, मृत्यूही जास्त. "एकीनं एवढं, तर दोघींनी किती" हा आपला हिशेब मेंदूला मान्य नाही. अर्थात हृदयात स्टेंट बसवलेल्यांचं गणित निराळं, ताजा झटका आला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे निराळं. म्हणून कुणी हे वाचून आपली गोळी बंद करू नये. बंद करायची झाली तर ज्यांनी लिहिली त्यांना विचारून.

रक्तदाबाचं मात्र पारडं जड आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९३६१ माणसांच्या चाचणीचे मेंदूविषयीचे निकाल आले. वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा की १२० च्या, एवढाच सवाल. ज्यांचा १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला, त्यांच्यात विस्मरणाची सुरुवातीची पायरी कमी लोकांनी गाठली. पूर्ण स्मृतिभ्रंशातला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका निघाला नाही. चाचणी लवकर थांबवली गेली हे त्यामागचं एक कारण. ज्यांचे एमआरआय काढले, त्यांच्यातल्या १२० वाल्यांचे पांढरे डाग सुमारे चार वर्षांत ०.९२ घन सेंटिमीटरनं वाढले. दुसऱ्या गटात १.४५. फरक चिमूटभर, पण खरा. यात मधुमेही आणि आधी झटका येऊन गेलेले घेतलेच नव्हते, तेव्हा तो आकडा उचलून नंदगडच्या मामांना लावता येत नाही. उभं राहिल्यावर त्यांना भोवळ येते ते वेगळंच.

एक गंमत सांगतो. ब्रिटनमधल्या २६ रुग्णालयांत ३६३ जणांवर दोन जुनी औषधं वापरून बघितली, निकाल २०२३ मध्ये छापला. एक, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, जे आपण छातीच्या दुखण्यावर देतो. दुसरं, सिलोस्टॅझॉल, चालताना पोटऱ्या भरून येतात त्यावरचं. वर्षभर घेतल्यावर दोन्ही सुरक्षित वाटली, पुढच्या झटक्याबद्दल, विचारशक्तीबद्दल काही आशादायक खुणा दिसल्या. खात्री करायला मोठी चाचणी हवी, असं ते स्वतःच म्हणतात. ही दोन्ही औषधं माझ्या डाव्या हाताच्या कप्प्यात आहेत, धूळ झटकून ठेवलेली. हातभर अंतरावर. आणि तरी कुणी या आजारासाठी मागितली तर मी देणार नाही. अजून कुठल्या तरी गावातली काही हजार माणसं पुन्हा पुन्हा तपासणीला जातील तेव्हा कुठं ठरेल, की तो कप्पा या कामासाठी उघडायचा की नाही.

ती माणसं आमच्याकडची का नसावीत?

एक अडचण साधी. आमची माणसं चार दिशांना जातात. खानापूरच्या सरकारी दवाखान्यातून बेळगाव, तिथं नाही जमलं तर हुबळी. पाव्हणा मिरजेत असला तर मिरज, कारण मिरजेवर आजोबांपासूनची श्रद्धा. कणकुंबी-जांबोटीकडचा पोरगा गोव्यात कामाला, तर चोर्ल्याच्या घाटातून थेट बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात. निपाणी-चिक्कोडीची माणसं कोल्हापूर गाठतात. एकाच म्हाताऱ्याचा पहिला एमआरआय एका राज्यात, दुसरा दुसऱ्या, रक्तदाबाची चिठ्ठी तिसऱ्या. आरोग्याच्या योजनाही तशाच. कर्नाटकाचं कार्ड एक, आणि ८६५ गावांसाठी २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली फुले योजना लागू केली, त्यावरून दोन्ही सरकारांत जुंपली. कार्ड कुठलंही चालो, पण दोन फोटो शेजारी ठेवून बघणारा डोळा कुठल्याच योजनेत नाही.

दुसरी अडचण ऐकून तुम्ही हसाल. स्मृती तपासायची जी सगळ्यात प्रसिद्ध चाचणी आहे, १९७५ पासूनची, तीस गुणांची, तिच्यात सुरुवातीलाच स्थळ-काळाचे प्रश्न असतात. आज वार कोणता, साल कोणतं, आपण कोणत्या गावात आहोत. आणि: आपण कोणत्या राज्यात आहोत? हा प्रश्न येळ्ळूरच्या ८० पार केलेल्या आजोबांना विचारून बघा. वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक २०१४ मध्ये पोलिस बंदोबस्तात काढला, तेव्हा लाठ्या खाल्लेलं हे गाव. आजोबा ताठ बसून "महाराष्ट्र" म्हणणार. एक गुण गेला. तो विसरभोळेपणाचा धरायचा की स्मरणशक्ती नको तितकी शाबूत असल्याचा? बरं, सरळ उत्तर द्यायचं म्हटलं तरी हा माणूस मुंबई प्रांतात जन्मला, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये कर्नाटकात आला, आणि या सगळ्यात त्यानं घर बदललेलं नाही. गावाचं नाव विचाराल तर बेळगाव म्हणेल. २०१४ पासून कागदावर बेळगावी आहे. महिने उलटे म्हणा म्हटलं तर फाल्गुन, माघ, पौष असं सुरू करेल, आणि समोरची पोरगी कागदावर डिसेंबर शोधत बसेल.

हा प्रश्न फक्त आमचा नाही. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात निरक्षर म्हाताऱ्यांसाठी ही चाचणी हिंदीत नव्यानं बांधावी लागली होती, कारण शाळेत न गेलेल्याला मूळ प्रश्न शाळेचेच वाटत. अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशी भाषांसाठी चाचण्यांचा संच केला. पहिल्या खेपेला पाच भाषा: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नव्हती. मास्तरांना कन्नड येतं, कचेरीपुरतं. पण माणूस हिशेब मायबोलीत करतो, आणि हा आजार आधी मारतो तो वेगावर. आठवणीवर नंतर. दुसऱ्या भाषेत उत्तर द्यायला लागणारी दोन सेकंदं आजाराच्या खात्यावर जमा झाली तर मास्तर आहेत त्यापेक्षा आजारी दिसणार.

कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला, आंध्राच्या हद्दीजवळ, कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुका आहे. तिथंही बाजारात दोन भाषा चालतात, कन्नड आणि तेलुगू. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्रानं २०१८ मध्ये तिथल्या खेड्यांत अभ्यास सुरू केला: ४५ वर्षांपुढची दहा हजार माणसं गाठायची, आणि वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा ठेवायचा. रक्त, चाल, विचारशक्ती, मेंदूचे फोटो. म्हणजे होतं. आपल्याच राज्यात, शेतकऱ्यांच्या गावांत.

आणि बेळगावात माणसांचा माग ठेवायची विद्या नाही, असं तर मुळीच नाही. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे लोक गेली कित्येक वर्षं जिल्ह्यातल्या गावांत गरोदर बायकांची नोंद ठेवतात, बाळंतपणानंतरही विचारपूस करतात. पहिलटकरणींना कमी मात्रेचं ॲस्पिरिन दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे बघणारी जी चाचणी सहा देशांत झाली, तिच्यातल्या ११,९७६ बायकांत आपल्या जिल्ह्यातल्या होत्या. फरक पडला: १३.१ टक्क्यांवरून ११.६. हा निकाल २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा या गावांत त्याची बातमी कितपत पोचली कोण जाणे. ज्या बायकांना गरोदरपणात रक्तदाब चढतो, त्यांना पुढच्या आयुष्यात पक्षाघाताचा धोका जास्त असतो, हेही आता माहीत आहे. त्या पोरी आज तिशीत आहेत. त्यांची नावं, गावं, रक्तदाब कुठल्या तरी वहीत आहेत. वीस वर्षांनी त्यांच्या रिपोर्टात ती ओळ उमटेल तेव्हा ही वही कुणी उघडेल का, हा माझ्या मते आमच्या जिल्ह्याला विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

माझ्याकडेही एक वही आहे, उधारीची. तिच्यात गोळीचं नाव, तारीख आणि कुणाची बाकी. जुलैत पानं रिकामी, कारण सगळे भाताच्या लावणीला; रक्तदाबही जणू चिखलात उतरतो. गणपतीत मुंबईची मुलं येतात, बापाची बाकी फेडतात आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेऊन ठेवतात. मग शिमग्यापर्यंत सगळं सुरळीत. पुढे कधीतरी "बरं वाटालंय" म्हणून गोळी बंद होते, आणि ज्याला बरं वाटतंय त्याच्याशी भांडणं हे जगातलं सगळ्यात कठीण काम.

माझी भाची बेळगावात डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेते, गावोगावच्या आरोग्याचा विषय. मागच्या दिवाळीत आली होती, तिला मी ही वही मोठ्या दिमाखात दाखवली. म्हटलं, बघ, नायमेखनवाल्यांची चौदा वर्षं, माझी त्यापेक्षा जास्त आहेत.

तिनं चार पानं उलटली आणि वही मिटून ठेवली. "मामा, ही वापरता येत नाही. यांनी तुला नाव दिलंय ते गोळीसाठी. अभ्यासासाठी कुणी हो म्हटलेलं नाही."

"मग विचारू की त्यांना."

"विचार. पण नव्यानं सुरू करावं लागेल, आजपासून. आणि यात फक्त येणारे आहेत." तिचा आवाज मास्तरणीसारखा झाला. "जे यायचे बंद झाले तेच महत्त्वाचे. ज्याला चालवत नाही, ज्याला आठवत नाही, तो पहिला गळतो. मागं राहतात ते धडधाकट, आणि मग अभ्यास सांगतो की सगळं ठीक आहे. तुझ्याकडचे किती गळलेत, कुठं गेले, सांगता येईल?"

मी वही न उघडता सांगायला लागलो. हलशीचं ते जोडपं म्हापशाला पोराकडे. गुंजीचा तो रेल्वेवाला गेल्या पावसाळ्यात वारला, दहाव्याला मी गेलो होतो. चापगावची म्हातारी अंथरुणाला खिळलीय, नात गोळ्या न्यायला येते, ती धारवाडच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्याही इथूनच जुळवून नेते. कौलाच्या कारखान्यातला मुकादम चंदगडला लेकीकडे, डावा हात गेला. भाचीनं मोबाईल काढून टिपायला सुरुवात केली. मी एकेक सांगत गेलो, ती "वारले", "स्थलांतर", "अंथरुणावर" असं लिहीत गेली.

"आणि हे देसाई?" तिनं मधलंच एक पान उघडून विचारलं. "दोन वर्षांपासून एकही नोंद नाही."

"त्याचं काय विचारतेस. तो समोरच्या जन औषधीत जातो. रोज दिसतो, तब्येत झकास."

"मग तो गळलेला नाही, मामा."

"तुझ्या अभ्यासाला नसेल," मी म्हटलं.